शिपीतला पावसाळा

(दृश्य: रत्नागिरीची भाट्ये खाडी. ओहोटी. चिखलात वाकलेल्या बायका.)

काजळी नदी इथे समुद्राला मिळते. पाणी ओसरलं की बायका घोटाभर गाळात उतरतात. बोटांनी चाचपायचं, कडक काही लागलं की उचलून रोवळीत टाकायचं. पाणी परत चढू लागेपर्यंत कालवणापुरत्या तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्या, जमतात.

घरी त्यांची एकशिपी होते. एक शिपी काढून टाकायची आणि मांस चिकटलेली दुसरी तेवढी पातेल्यात घालायची. काढलेल्या शिप्या जातात माडाच्या आळ्यात. आपली गोष्ट त्या आळ्यातल्या शिपीची.

(दृश्य: शिपीवरून फिरणारं बोट, अगदी जवळून.)

बिजागरीजवळचं टोक म्हणजे तिचं बालपण, बाहेरची कड म्हणजे कालपरवा. आतला मऊ जीव या कडेला चुन्याचा थर चढवत राहतो. भरतीचं पाणी आलं की तिसरी तोंड उघडते, खाते, वाढते. ओहोटीला मिटून बसते. मिटलेली असताना आत आम्ल साठतं, कडेचा चुना किंचित विरघळतो आणि तिथे बारीक रेघ राहते. आपल्या किनाऱ्याला दिवसाला दोन भरत्या, म्हणून रेघाही तशाच दाट. त्यातही उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांतल्या वेगळ्या, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांतल्या वेगळ्या. शिपी उभी कापून, घासून गुळगुळीत केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की पंधरवडे मोजता येतात.

दिवस कळले. हवा कशी कळायची?

त्यासाठी ऑक्सिजन बघतात. पाण्यातला बहुतेक ऑक्सिजन हलका, वजनाने १६. हजारात जेमतेम दोन अणू जड, वजनाने १८. पाणी गार असेल तर शिपीच्या चुन्यात जड अणू थोडे जास्त बसतात. साधारण चार अंशांच्या फरकाला हजारी एक इतका बदल. या हिशेबाची पायाभरणी हॅरॉल्ड युरी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४७ साली केली. आज बारीक ड्रिलने रेघेरेघेवरची भुकटी काढतात, ती फॉस्फोरिक आम्लात टाकतात आणि सुटलेल्या वायूतले जड-हलके अणू यंत्रावर मोजतात.

थंड समुद्रात हे छान जमतं. आइसलंडजवळ २००६ साली मिळालेली एक शिंपली ५०७ वर्षांची निघाली. वास्को द गामा कालिकतला उतरला, त्याच्या पुढच्या वर्षी जन्मलेली! तिच्या जातीच्या शिंपल्या म्हणजे उत्तर अटलांटिकचे तापमापक.

(दृश्य: जुलै. तांबूस पाण्याने फुगलेली खाडी. पावसाचा आवाज.)

आमच्या तिसरीला हे कौतुक लागू नाही. तिचं आयुष्य मोजक्या वर्षांचं. शिवाय कोकणच्या समुद्राचं तापमान वर्षभरात काही अंशच वर-खाली होतं. बदलतो तो खारटपणा. मृग लागला, नद्या भरून आल्या, की मे महिन्यात मीठमिठाण असलेली खाडी जुलैत जवळजवळ गोडी होते. आणि पावसाच्या पाण्यात जड ऑक्सिजन समुद्रापेक्षा कमी, कारण वाफ होताना हलकं पाणी आधी उडतं, आणि ढग थंड होताना उरलेलं जड पाणीही वाटेतच आधी गळून पडतं. तेव्हा खाडीतल्या शिपीत दिसणारा मोठा चढउतार गारव्याचा कमी, गोड्या पाण्याचा जास्त. तिकडची शिंपली तापमापक, तर आमची पर्जन्यमापक. मला विचाराल तर आपल्याला हेच जास्त कामाचं, कारण इथलं सगळं गणित पावसाचं.

अडचण मात्र मजेशीर आहे. पाणी फारच गोडं झालं की तिसरी घट्ट मिटून घेते आणि वाढ थांबते. म्हणजे पाऊस सर्वांत जास्त, तेव्हाच हिची वही बंद! उरते एक ठळक काळपट रेघ. मागेपुढे काय लिहिलंय त्यावरून मधली पानं ताडायची.

जुना काळ गाठायचा तर जुन्या शिप्या हव्यात. किनाऱ्यालगतच्या वाळूत गाडलेल्या, किंवा पूर्वीच्या माणसांनी खाऊन टाकलेल्या. वय रेडिओकार्बनने, म्हणजे काळानुसार घटत जाणाऱ्या किरणोत्सर्गी कार्बनवरून काढतात, तिथेही मेख आहे. समुद्रातला कार्बन आधीच शिळा असतो, म्हणून समुद्री शिपी साधारण चारशे वर्षांनी जास्त म्हातारी दिसते. ते वजा करावं लागतं. शिपीतून गोडं पाणी फार काळ झिरपलं, तर चुन्याचे स्फटिकच बदलतात आणि लिहिलेलं पुसलं जातं. अशी शिपी बाजूला ठेवायची.

आणि जे आम्हीच संपवलं, त्याचं काय? शिंपल्यांचे ढीग भट्टीत भाजून चुना करायचा, हा किनाऱ्यावरचा जुना धंदा. भिंती लिंपल्या, घरं रंगवली. किती पावसाळे आपण विड्याच्या पानाला लावून खाल्ले, कोण जाणे.

(दृश्य: संध्याकाळ. परसात माडाचं आळं. ताटलीतून शिप्या ओतल्याचा आवाज.)

आजच्या एकशिपीतल्या या शिप्या. मे महिना आहे, खाडी खारट आहे, मृगाला दोन आठवडे आहेत. ही एक उचलून उजेडात धरा. कडेची ही शेवटची रेघ आज सकाळच्या ओहोटीची.