मुंबई–दिल्ली किती लांब? किलोमीटर सांगू नका!

नमस्कार मंडळी. विषय बोर्डावर लिहिलाय तोच, विमानाचं अंतर आणि लागणारा वेळ. वेळ कमी दिलाय, त्यामुळे थेट सुरू करतो.

मुंबई–दिल्ली हवाई अंतर साधारण 1,140 किलोमीटर. राजधानीला रुळांवरून 1,380च्या वर पडतं, कारण ती सुरत, बडोदा, कोटा करत जाते. विमान वर पोचलं की ताशी 800-850ने पळतं. आमच्या मेहुण्यांना मोबाईलवर भागाकार करायची भारी हौस, त्यांनी उत्तर काढलं तास-वीस मिनिटं, आणि तिकिटावर सव्वादोन तास! "मधली पंचावन्न मिनिटं कोण खातं?" असं त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं हो. ती बिचारी म्हणाली, सर, सामान किती आहे?

तर ऐका. तिकिटावरची वेळ ही उडण्याची नसतेच, इकडचं गेट सोडल्यापासून तिकडचं गेट लागेपर्यंतची असते. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, म्हणजे कागदावर दोन, पण एका वेळी कामाचा एकच. मग रांग. मग चढताना-उतरताना वेग कमी, दिल्लीवर गर्दी असली की आकाशात एखादी प्रदक्षिणा.

आणि यात कंपन्या वर थोडी जास्तीची वेळ धरून ठेवतात, हे माझं जुनं दुखणं. पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर विमान 'वेळेवर' धरतात ना, मग आधीच ऐसपैस वेळ छापलेली बरी. मागे एकदा (नाव घेत नाही, परत त्यांच्याच विमानाने जायचंय) घोषणा झाली, आपण वीस मिनिटं लवकर पोचलोय! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कळलं गेट रिकामं नाही. सगळे उठून उभे, माना वाकड्या, कुणाची तरी बॅग माझ्या खांद्यावर, आणि अर्धा तास आम्ही दिल्लीत असून दिल्लीत नव्हतो. टाळ्या परत मागता येत नाहीत.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. बरं, खरा मुद्दा राहिलाच, वारा! दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. मुंबई–लंडन अंतर सुमारे 7,200 किलोमीटर, दोन्ही बाजूंनी तेच, पण जाताना वारा तोंडावर, येताना पाठीशी, म्हणून येताना साधारण तासभर वाचतो.

सगळ्यात भारी 2016चं उदाहरण. एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. आधीचा रस्ता 13,900 किलोमीटर, नवा 15,300. म्हणजे 1,400 किलोमीटर जास्त, तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा बऱ्यापैकी लवकर! पॅसिफिकवरून म्हणजे पूर्वेकडे, वारा पाठीशी; लांबचा रस्ता घेतला तो या वाऱ्यासाठी. म्हणून म्हणतो, अंतर तासांत विचारा.

प्रश्न चहाबरोबर घेऊ. फक्त 'पृथ्वी फिरतेच आहे, मग विमान वर नुसतं थांबवलं तर?' हा नको, हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते, बाकीचं पुढच्या वेळी.