नाला एकच, मग कागद इतके वेगळे का?

नमस्कार मंडळी. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

आज आपल्या बेळगावातल्या बळ्ळारी नाल्याबद्दल बोलायचंय. दर जुलैत आपण सगळे त्याच्याबद्दल बोलतो आणि गणपती आले की विसरतो. शहापूर, वडगाव, अनगोळ, जुने बेळगाव, हलगा, एवढ्या शिवारात भात पाण्याखाली जातं, रोप कुजतं, मग दुबार लावणी, मग निवेदन. निवेदनात मागणी एकच असते, आमच्या इथला गाळ काढा. मी स्वतः अशा कितीतरी निवेदनांवर सह्या केल्यात आणि मनापासून केल्यात, खरं आता मला वाटतंय की आपण अर्धीच मागणी करत आलोय.

कारण पाणी काय नाल्यात तयार होत नाही. हिशेब करा, 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं. हजार स्क्वेअर फुटाचा स्लॅब म्हणजे साधारण 93 चौरस मीटर, एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला तर त्या एका स्लॅबवरनं 9300 लिटर पाणी खाली येतं, म्हणजे पाच हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर, आणि ते पाइपातनं गटारीत, गटारीतनं नाल्यात, तासाभरात. पूर्वी तिथं माळ होता, गवत होतं, तेच पाणी जमिनीत मुरत मुरत दोन दिवसांनी यायचं. म्हणजे टिळकवाडीतला स्लॅब आणि वडगावातलं भात यांचं नातं आहे, खरं दोन्ही घरची माणसं कधी एका टेबलाला बसलेली नाहीत.

पाणलोट पाणलोट म्हणतात ते हेच. ज्या उंचवट्यापासनं सगळं पाणी एकाच वाटेनं खाली येतं तेवढी सगळी जागा. आपल्या खानापूरच्या लोकांना हे शिकवायला नको, कणकुंबीकडं उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि त्याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्यातनं समुद्राला जाते. मधला डोंगर ठरवतो कुठलं पाणी कुणाचं. शहरात तो डोंगर दिसत नाही, एखाद्या रस्त्याचा चढ असतो एवढंच, आणि वॉर्डाची हद्द काढताना तो चढ कुणी बघत नाही.

आणखी एक, जमीन. आपल्या वरच्या भागात तांबडी जांभ्याची जमीन आहे, ती पाणी पिते. 1924 ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं तेव्हा माणसांच्या पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खोदली, ती अजून आहे, शंभर वर्षं झाली. खालच्या शिवारात मात्र काळी जमीन, एकदा भिजून फुगली की वरचं पाणी तसंच तुंबून राहतं. म्हणजे मुरवायचं काम वर करायचं आणि वाट मोकळी ठेवायचं काम खाली. आपण उलटं करतोय, वर काँक्रीट आणि खाली जेसीबी.

गेल्या जूनला आम्ही पंधरा-वीस जण नाल्याच्या काठानं चाललो. काही शेतकरी, अपार्टमेंटातल्या दोन बायका, एक म्हशीवाले मामा, कॉलेजची पोरं. पोरांकडं मोबाइलवर नकाशा होता, माझ्याकडं हात-हाताला गाठी मारलेली दोरी. रस्त्याखालच्या एका मोरीपाशी पोरं म्हणाली नकाशात इथं काहीच नाही. शिवारातल्या एक आज्जी सोबत होत्या, त्या काही न बोलता बांधावरच्या बाभळीकडं गेल्या आणि खोडावर कोयत्यानं केलेल्या खुणा दाखवल्या, एकावर एक, सात. दरवर्षी पाणी जिथवर चढलं तिथं त्यांनी एक खूण केलेली. आम्ही दोरी लावली, सगळ्यात वरची खूण माझ्या छातीला येत होती. त्या म्हणाल्या, "मोरीत कचरा अडकला की हितं चढतंय, पाऊस लई असो नसो." एवढी नेमकी माहिती कुठल्याच फायलीत मला मिळाली नव्हती. अपार्टमेंटातल्या बाई बराच वेळ त्या झाडापाशी उभ्या होत्या, मग म्हणाल्या आमच्या सोसायटीचं पाणी पण इथंच येतंय ना.

नंतर बैठक झाली त्यात भांडण पण झालं, ते व्हायलाच पाहिजे होतं. कॉलनीवाल्यांना दोन्ही बाजूला काँक्रीटची भिंत पाहिजे, वास आणि डास नकोत. शेतकरी म्हणाले भिंत बांधली तर आमच्या शेतातलं पाणी नाल्यात उतरणार कसं, आणि वेगानं गेलेलं पाणी हलग्याच्या बोकांडी बसणार. मामांचं म्हणणं, जलपर्णी काढा खरं काठाचं गवत ठेवा, जनावरं काय खातील. तीन तासांनी एवढं ठरलं की जलपर्णी लावणीच्या आधी काढायची, मोऱ्या आधी आणि मधला भाग नंतर, आणि भिंतीचा विषय खालच्या गावांना विचारल्याशिवाय पुढं न्यायचा नाही. थोडंच ठरलं, खरं ज्यांनी ठरवलं ते पाळतायत.

पुणे जिल्ह्यात पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखेंनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथं पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर ठरला, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी आणि घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनाला पण वाटा. आपल्याकडं दुखणं जास्त पाण्याचं, तिथं कमी पाण्याचं, खरं वाटणीचा नियम आधी सगळ्यांसमोर ठरला हे मला फार मोठं वाटतं. आपण आधी टेंडर काढतो.

आणि हक्क आपल्याला आहेत. 74 व्या घटनादुरुस्तीनं मोठ्या शहरांत वॉर्ड समित्या दिल्यात, 2002 च्या जैवविविधता कायद्यानं स्थानिक समिती आणि आपल्या भागातली झाडं-जनावरं लिहायची लोकांची नोंदवही दिलीय. खरं नाला महापालिकेतनं पंचायतीत जातो, महामार्गाखालनं जातो, प्रत्येकाचा कागद वेगळा. म्हणून अख्ख्या नाल्याची नोंदवही एकच करायची, मराठीत आणि कन्नडात समोरासमोरच्या पानावर, कारण काठावर दोन्ही बोलणारी माणसं राहतात आणि ज्याला वाचता येत नाही तो सही करणार नाही, करूही नये.

पहिल्या पानावर त्या बाभळीच्या सात खुणांची मापं लिहिलीत. दुसऱ्या पानावर सोसायटीनं आपल्या गच्चीचं माप लिहिलंय आणि पाणी मुरवायचा शोषखड्डा कुठं खणणार ती जागा. तिसरं पान कोरं आहे. वही तिथं दाराजवळच्या टेबलावर आहे, जाताना आपापल्या गल्लीतलं पाणी कुठल्या बाजूला उतरतं तेवढं लिहून जा.