सिंहाच्या पलीकडची आफ्रिका

जुलैतली नैरोबी. सकाळचे सात वाजलेत आणि शाळेच्या बससाठी थांबलेली सगळी मुलं स्वेटर घालून उभी आहेत. विषुववृत्त इथून जेमतेम दीडशे किलोमीटरवर. पण शहर वसलंय समुद्रसपाटीपासून जवळपास 1,800 मीटर उंचीवर, त्यामुळे या दिवसांत सकाळी चांगलीच थंडी वाजते. त्या रांगेकडे बघत नऊ वर्षांची एक पाहुणी कुडकुडते आहे. तिच्या बॅगेत टोप्या आहेत, सनस्क्रीन आहे, सुती फ्रॉक आहेत. बॅग मोठ्यांनी भरलेली. आफ्रिका म्हणजे ऊन, हे त्यांना अगदी पक्कं ठाऊक होतं!

मुलांच्या डोक्यातली आफ्रिकाही मोठ्यांनीच भरलेली असते. वाळवंट, झोपड्या, भूक आणि सिंह. 54 देश, 140 कोटींहून जास्त माणसं, दोन हजारांच्या आसपास भाषा, आणि हे सगळं एकाच चित्रात कोंबलेलं. भिंतीवरचा नकाशाही त्यात भर घालतो. मर्केटरने 1569 साली खलाशांच्या सोयीसाठी आखलेल्या पद्धतीत ध्रुवांकडची जमीन फुगते, आणि ग्रीनलँड आफ्रिकेच्या तोडीचं दिसायला लागतं. खरं तर आफ्रिका त्याच्या चौदा पट मोठी आहे.

नुसता प्रवास केला की असे समज गळून पडतात, असंही नाही. विमानतळावरून जीप, जीपमधून लॉज, लॉजवरून पुन्हा विमानतळ, अशी सहल झाली तर मूल तेच जुनं चित्र आणखी घट्ट करून परततं. प्राणी जरूर बघावेत. पण या कुटुंबाने आधी शहर बघायचं ठरवलं, आणि फार बरं केलं.

रस्त्याच्या कडेला एक बाई केळी विकते आहे. मुलीच्या आईने नोट पुढे केली, तर सुटे नाहीत. शेजारचं गिऱ्हाईक मात्र खिशातून साधा बटणांचा फोन काढतं, पाटीवर रंगवलेला नंबर दाबतं, पिन टाकतं. बाईच्या फोनवर मेसेज वाजतो, की केळी पिशवीत. इंटरनेट लागलंच नाही. एम-पेसा ही सेवा केनियात 2007 पासून आहे, या मुलीच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून. कोपऱ्यावरच्या एजंटकडे रोख द्यायची, ती फोनमध्ये जमा होते. बँकेत खातं नसलेला माणूसही गावी आईला पैसे पाठवू शकतो.

यजमानांची मुलगी पाहुणीच्याच वयाची. ती तिला स्वाहिलीतली वेळ शिकवते. इथे तास मोजायचे सूर्योदयापासून. सकाळचे सात म्हणजे एक, दहा म्हणजे चार. "सोपं आहे," ती मनगटावरचं घड्याळ पुढे करते, "छोट्या काट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाच." पाहुणी वाचून बघते आणि लगेच शंका काढते, "पण सूर्य तर कधी लवकर उगवतो, कधी उशिरा?" इथे तसं फारसं होत नाही. विषुववृत्ताजवळ सूर्योदय वर्षभर साधारण साडेसहाच्या आगेमागे. हिशेब चुकायचा प्रश्नच येत नाही.

शहरात किबेरा नावाची झोपडपट्टीही आहे. पत्र्याला पत्रा लागून उभी घरं, आणि विकत घेतलेलं पाणी पिवळ्या कॅनमधून वाहून नेणाऱ्या बायका. "यांच्याकडे नळ का नाही?" मुलीने विचारलं, आणि घरच्यांनी विषय बदलला नाही. हे महत्त्वाचं. गरिबी झाकून नुसत्या उंच इमारती दाखवल्या, तर ते दुसरं खोटं चित्र. त्याच रस्त्यावर शिवणयंत्रं चालू होती आणि इस्त्रीच्या गणवेशातली मुलं शाळेकडे पळत होती.

मग मोम्बासाची रेल्वे. ही नवी गाडी 2017 मध्ये सुरू झाली. त्साव्हो राष्ट्रीय उद्यानातून जाताना नशीब असेल तर खिडकीतून हत्ती दिसतात. रुळांखालून त्यांना ये-जा करायला मोकळे मार्ग ठेवलेत. पण याच वाटेवरची जुनी रेल्वे, 1896 ते 1901 दरम्यान, ब्रिटिशांनी भारतातून नेलेल्या तीस हजारांहून अधिक मजुरांच्या हातांनी बांधली. अडीच हजारांच्या आसपास मजूर तिथेच दगावले. अनोळखी म्हणून दूर ठेवलेल्या या खंडाशी आपलं इतकं जुनं नातं आहे. केनियाच्या ताटात आज चपाती आहे, ती उगाच नाही.

नैरोबीहून अदिस अबाबा विमानाने साधारण दोन तास, आणि सगळंच वेगळं. पाट्यांवर इथिओपियाची स्वतःची लिपी. पंचांगही स्वतःचं: तीस दिवसांचे बारा महिने आणि पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा. राष्ट्रीय संग्रहालयात ल्यूसी. 1974 मध्ये हाडार इथे सापडलेला, सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीच्या मानवपूर्वजाचा सांगाडा. मुलगी काचेला नाक लावून तिची उंची अजमावते. जेमतेम एक मीटर. "ही माझ्याहूनही बुटकी!"

रात्री आजीचा व्हिडिओ कॉल आला. पहिलाच प्रश्न, "सिंह दिसला का गं?"

"दिसला, आजी. पण ते राहू दे. इथे वर्षाला तेरा महिने असतात, तुला माहितीये?"

आजी क्षणभर थांबली. मग चष्मा नीट करत फोनच्या आणखी जवळ आली. "तेरा? मग तेराव्या महिन्यात सण कोणता गं असतो? नीट सांग बघू सगळं."