चलान कोणाच्या नावावर?

(सातारा येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

फलकावर विषय लिहिलाय, ‘भरधाव खेळाडूंना पोलीस सोडून देतात का?’ ‘कधी कधी’ एवढं म्हणून मला खाली बसता आलं असतं, पण मग पाऊण तासाचं काय करायचं? शेवटी तीन उपाय सांगेन असंही निमंत्रणपत्रिकेत छापून टाकलंय. बघू, वेळ उरला तर.

आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात करू. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवून खाशाबा जाधव परतले. कराडहून गोळेश्वरला त्यांची मिरवणूक निघाली, शंभराहून जास्त बैलगाड्या होत्या. एरवी पंधरा मिनिटांची वाट, त्या दिवशी सात तास लागले असं सांगतात. खेळाडूचा वेग मोजायची वेळच कुणावर आली नाही. तीन वर्षांनी, १९५५ साली, खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले आणि पुढची कितीतरी वर्षं फौजदारच राहिले. म्हणजे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक स्वतंत्र भारताला देणारा माणूस नाक्याच्या या बाजूला, वर्दीत उभा होता. सवलत सोडा, बढतीसुद्धा वेळेवर नाही. १९८४ साली ते रस्त्यावरच्या अपघातात गेले.

हेलसिंकी हे गाव लक्षात ठेवा. आपण तिथं परत जाणार आहोत.

आता खेळाडूंचं लाडकं समर्थन घेऊ: ‘आमची नजर तेज, हात-पाय चपळ, आम्हाला वेग झेपतो.’ ऐकायला बरं वाटतं. गणित करून बघू. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते, क्रिकेटची खेळपट्टी पाऊण सेकंदाच्या आत. साध्या माणसाला धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरा, त्यात २८ मीटर गेले. कोरडा रस्ता, चांगले टायर असतील तर पुढं ब्रेक लागून थांबायला साधारण ५५. एकूण ८३ मीटर. आता एक असामान्य खेळाडू घ्या, ज्याचा पाय एक पंचमांश सेकंदात ब्रेकवर जातो. त्याला २०० च्या वेगानं सोडा. ब्रेकपर्यंत पोचायला त्याला फक्त ११ मीटर लागतील, शाबासच. पण वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, म्हणजे २२०. हा वीर थांबणार २३१ मीटरवर. चपळाई सगळी चालकाच्या पायात असते. चाक आणि डांबर यांच्यातल्या घर्षणाला पदकं कळत नाहीत.

उसेन बोल्टनं २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा त्याचा सरासरी वेग ताशी साडेसदतीस किलोमीटर होता. तो राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत तसाच धावत सुटला तरी एकही कॅमेरा त्याला चलान देणार नाही. (हशा) माणसाचं शरीर कायद्याच्या मर्यादेतच बनलंय, भानगड इंजिनापासून सुरू होते.

बरं, वेग मोजतात कसा? हे नीट समजून घ्या, कारण वशिला कुठं लागतो आणि कुठं लागत नाही ते त्यावरून कळतं. रडार गन लहरी सोडते, त्या गाडीवर आपटून बदललेल्या वारंवारितेनं परततात, त्या फरकावरून वेग निघतो. तिचा झोत रुंद असतो. दोन गाड्या शेजारी असल्या की ‘ती माझी नव्हेच’ असा वाद घालायला जागा राहते. लेझर गन प्रकाशाचे तुकडे सोडते, प्रत्येक तुकड्याला परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढते आणि ते अंतर किती झपाट्यानं घटतंय ते बघते. सगळा खेळ सेकंदाच्या अंशात आटोपतो. तिचा झोत ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर पसरतो, म्हणून थेट नंबरप्लेटवर नेम धरता येतो. अंमलदार रस्त्याच्या कडेला, म्हणजे थोडा तिरका उभा असतो. त्यामुळे यंत्र खऱ्यापेक्षा कमीच वेग दाखवतं. दहा अंशाच्या कोनात दीड टक्का, वीस अंशात सहा टक्के कमी. ‘साहेब, तुमचं मशीन जास्त दाखवतंय’ म्हणणाऱ्याला हे ऐकवा. कोनाची चूक नेहमी चालकाच्या फायद्याची असते.

मशीनला चेहरा दिसत नाही, हा पहिला मुद्दा. २०२३ च्या विश्वचषकात पुण्याच्या सामन्याआधी एका बड्या क्रिकेटपटूच्या गाडीला द्रुतगती मार्गावर चलान झाल्याची बातमी आली, वेगाचा आकडा २०० च्या वर छापून आला. आकडा बाजूला ठेवा. त्या मार्गावर मोटारीला मर्यादा १०० ची, आणि कॅमेऱ्यानं ‘अरे, हे तर आपले’ असं म्हटलं नाही. आता आपल्याकडच्या काही हौशी मंडळींनी कॅमेऱ्यापासूनही पळवाट काढली आहे. ४१४१ हा नंबर असा वळवून लिहायचा की ‘दादा’ वाचलं पाहिजे. ते माणसाला वाचता येतं, संगणकाला येत नाही. साताऱ्याच्या एमएच अकरावाल्यांनी सांगलीच्या दहावाल्यांकडं बघून हसू नये, दोन्हीकडं हे पीक सारखंच आहे.

वशिला लागतो तो कॅमेऱ्याच्या मागच्या दारांत. याचा सगळ्यात सुरेख नमुना म्हणजे इंग्लंडचा फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम. मला हा माणूस आवडतो, कारण त्याच्या तीन खटल्यांत अख्खा विषय आला आहे.

पहिला खटला १९९९ चा. पन्नास मैलांच्या मर्यादेत ७६ मैल, आठ महिने वाहनबंदी. अपिलात त्याचं म्हणणं असं की एक छायाचित्रकार पाठलाग करत होता, जिवाच्या भीतीनं गाडी पळवली. पाठलाग करणारी गाडी कोणती? फोर्ड फिएस्टा. पळणारी कोणती? फेरारी. (हशा) आपल्याकडं एखाद्यानं ‘लुनावाला मागं लागला म्हणून बुलेट पळवली’ असं सांगितलं तर फौजदार त्याला आधी पाणी देईल. पण अपील मंजूर झालं, बंदी उठली.

दुसरा खटला २०१८ चा, आणि हा खरा अभ्यासाचा. २३ जानेवारीला लंडनच्या पॅडिंग्टन भागात, चाळीस मैलांच्या रस्त्यावर, ५९ मैल. म्हणजे आपल्या मापात ६४ च्या जागी ९५. गाडी बेंटली, वापरायला मिळालेली. गाडी आपण चालवत होतो हे त्यानं नाकारलं नाही, वेगाबद्दलही वाद नव्हता. मग सुटला कसा? तिथला नियम असा की कारवाई करणार असल्याची नोटीस गाडीच्या नोंदणीकृत धारकाच्या हातात चौदा दिवसांत पडली पाहिजे. मुदत ६ फेब्रुवारीला संपत होती, पत्र पोचलं सातला. एक दिवस उशीर! त्याचा वकील अशा पळवाटांसाठीच तिथं प्रसिद्ध आहे. सप्टेंबरमध्ये न्यायालयानं निर्दोष सोडलं.

इथं लोक चिडतात, मी चिडत नाही. नियम बेकहॅमसाठी केलेला नव्हता, तो बेकरीवाल्यालाही लागू होता. फक्त बेकरीवाला पाकिटावरची तारीख बघत नाही, आणि बघितली तरी शंभर पौंडांच्या दंडासाठी हजारो पौंडांचा वकील करत नाही. कुणी चिठ्ठी दिली नाही की फोन केला नाही. ही सवलत रोख पैशानं, राजरोस विकत मिळते. आपल्याकडंही मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेला १६७-अ हा नियम आहे. त्यानुसार गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत जायला हवी, यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नव्यानं घ्यायला हवं, कॅमेरा असल्याचा फलक रस्त्यावर ठळक हवा. सभागृहातल्या किती जणांनी चलान भरताना यातलं एक तरी तपासलंय? हात वर करू नका, बाहेर पोलीस उभे आहेत.

तिसरा खटला २०१९ चा. गाडी चालवताना फोन हातात, ७५० पौंड दंड. बेकहॅमला साडेसातशे पौंड म्हणजे आपल्याला वडापावचा पाव. पण तिथं परवान्यावर चुकांचे गुण चढतात. आधीचे सहा होते, नवे सहा चढले, बारा झाले आणि सहा महिने गाडी बंद. फेरारी, बेंटली, वकील सगळं जागच्या जागी, आणि हा मागच्या सीटवर.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं म्हणतात. म्हणजे उपायांना सात.

त्याआधी गोल्फपटू टायगर वूड्स, थोडक्यात. फेब्रुवारी २०२१, लॉस एंजेलिसजवळ, ४५ मैलांच्या रस्त्यावर ८४ ते ८७ मैल, गाडी उलटली. दंडाची पावती नाही. शेरीफचं, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचं, स्पष्टीकरण असं की वेगाची पावती फाडायला प्रत्यक्ष पाहणारा हवा, आणि कुणी पोलिसानं पाहिलं नव्हतं. गाडीच्या ब्लॅक बॉक्समध्ये वेग होता, पण तो पंचनाम्यापुरता. आणि तेंडुलकरची फेरारी तर घरचीच गोष्ट: सव्वा कोटीच्या आतबाहेर आयातशुल्क सरकारनं माफ केलं, लोक कोर्टात गेले, शेवटी २००३ मध्ये फियाट कंपनीनं भरलं. उलट दिशेचं उदाहरणही आहे. नवज्योत सिद्धू यांच्या १९८८ च्या भांडणाच्या खटल्यात २०१८ ला हजार रुपये दंड झाला होता. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो वाढवून वर्षाची सक्तमजुरी दिली, आणि म्हटलं की मुष्टियोद्धा, पैलवान, क्रिकेटपटू किंवा अत्यंत तंदुरुस्त माणसाचा नुसता हातही शस्त्र ठरू शकतो. म्हणजे कमावलेलं शरीर ही सूट मिळण्याची जागा नाही, जबाबदारी वाढण्याची आहे. आपल्या तालमींच्या भिंतीवर लावण्यासारखं वाक्य आहे.

आता उपाय, पळत पळत.

एक. आपल्याकडं ई-चलान गाडीच्या नंबरवर चढतं, चालकावर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली हलक्या मोटारीला दंड १००० ते २०००, आणि दुसऱ्यांदा सापडला तर परवाना जप्त करायची तरतूद. पण दुसऱ्यांदा कोण सापडला? गाडी सापडली! मालकानं ऑनलाइन पैसे भरले, चालकाचं नाव कुठंच आलं नाही. बड्यांच्या गाड्या बऱ्याचदा कंपनीच्या नावावर, कंपनीला परवाना नसतो. कलम १३३ मध्ये मालकाला चालकाचं नाव सांगणं बंधनकारक करता येतं. ते प्रत्येक मोठ्या वेगाच्या चलानाला विचारा. नवा कायदा नको, एक रकाना वाढवा.

दोन. परवान्यावर गुण. दंड कुणालाही भरता येतो, सहा महिने पायी चालणं दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. थकलेली चलानं लोकअदालतीत सवलतीनं मिटवायची सोय टेम्पोवाल्यासाठी ठेवा, मर्यादेच्या दीडपट वेगाला ती नको.

तीन, हेलसिंकी. फिनलंडमध्ये १९२१ पासून दिवसांचा दंड आहे. मर्यादेच्या वर ताशी वीस किलोमीटरपेक्षा जास्त गेलात की तो लागू होतो. करानंतरच्या मासिक मिळकतीतून २५५ युरो वजा करा, ६० ने भागा, घरात खाणारी तोंडं असतील तर प्रत्येकी तीन युरो कमी करा, तो तुमचा एका दिवसाचा आकडा. महिना ३००० मिळवणाऱ्याचा दिवस ४५ युरोंचा, तीन लाख मिळवणाऱ्याचा जवळपास ५०००. बारा दिवस ठोठावले तर एकाला ५४०, दुसऱ्याला ६० हजारांच्या घरात. गुन्हा तोच, दिवस तेच. २०२३ मध्ये तिथल्या ऑलंड बेटांवर आंदेर्स विक्लोफ नावाच्या उद्योगपतीला ५० च्या जागी ८२ ला १,२१,००० युरो भरावे लागले. आपल्याकडं अडचण एकच: मिळकत कागदावर खरी हवी. (हशा) तुम्ही हसताय, म्हणजे अडचण कळली.

चौथा उपाय छापलेला नव्हता, पण खाशाबांपासून सुरुवात केली म्हणून सांगतो. मोटार वाहन कायद्यात २१०-ब कलम आहे: कायदा राबवणाऱ्यांनीच तो मोडला तर दंड दुप्पट. फौजदाराला दुप्पट मागता येतो, मग त्या फौजदारासोबत सेल्फी काढून निघून जाणाऱ्याला निदान एकपट तरी मागा.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न चहाच्या वेळी घेऊ. आणि ज्यांच्या गाड्या बाहेर दुहेरी रांगेत लागल्यात, त्यांनी आधी तिकडं बघून यावं, टोइंगवाला आलाय असं चिठ्ठीत लिहिलंय.