गल्लीतला हिरो आणि दुसरं रेल्वे गेट

नमस्कार मंडळी, आज सुपरहिरोंबद्दल बोलायचंय, पण जग वाचवत उडणाऱ्या नाही, गल्लीतल्या. आणि पिक्चरमधल्या पण नाही, टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या गेममधल्या. एकजण गेम मास्टर होतो, तो गोष्ट पुढं नेतो, बाकीचे आपापलं पात्र चालवतात. 1974 ला अमेरिकेत डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तिथनं हे सगळं वाढलं, आणि आम्ही बेळगावात शहापुरात दर रविवारी कॅरम बोर्डवर फासे टाकून खेळतो तो चॅम्पियन्स, 1981 चा.

त्यातली एक गोष्ट मला फार म्हणजे फार आवडते. पात्राला ताकद द्यायची तर पॉइंट लागतात, आणि जास्तीचे पॉइंट पाहिजेत तर आपल्या मागची लचांडं लिहून द्यायची, कोण मागावर आहे, काय लपवलंय, घरी कोण आपल्या जीवावर आहे. आमच्यातल्या एकानं आई लिहिली, 11 किंवा कमी. म्हणजे गेम मास्टरनं तीन फासे टाकायचे, बेरीज 11 पर्यंत आली की त्या दिवशी आई गोष्टीत येणार, आणि 216 पैकी 135 वेळा ती येतेच, हिशेब करून बघा की.

त्याचा हिरो उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डिंगला. हाताला चटका बसत नाही, एवढीच पॉवर. मार लागला तर लागतो, आणि सकाळी शिफ्ट असतेच.

गेल्या रविवारी बेरीज आली 9. हा चोरीच्या मालाच्या टेम्पोमागं बळ्ळारी नाल्यापर्यंत पोचलेला, तेवढ्यात शेजारणीचा फोन, आई दुसऱ्या गेटपाशी चक्कर येऊन बसलीय. हा टेम्पो सोडून धावत आला तर गेट पडलेलं, आई पलीकडं. मोठा हिरो असता तर रेल्वे उचलली असती, इथं मालगाडी जाईपर्यंत थांबायचं, डबे मोजत. गेम मास्टर म्हणाला, "आता काय करूलालास सांग." हा फासे मुठीत धरून गप्प, आणि आम्ही पण सगळे गप्प, खरंच आई पलीकडं असल्यासारखे.

शेवटी म्हणाला, "आईला हाक मारतो. गाडीच्या आवाजात ऐकू गेली का, टाक फासे."

14 पडले.