दाराबाहेरची दोन वर्षं

नमस्कार.

मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचं नाव काढलं की आपल्याकडे बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात. एक, बहुपत्नीत्व. आणि दुसरी, पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी लावून जोडीनं फिरणारी तरुण पोरं. बहुपत्नीत्व त्या चर्चनं १८९० मध्ये अधिकृतरीत्या सोडलं, त्यामुळे ते बाजूला ठेवू. आज मला त्या पोरांबद्दल बोलायचं आहे. ती सकाळी किती वाजता उठतात, काय खातात, कुणाशी बोलतात, आणि दिवसभर नकार ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा कशी बाहेर पडतात, याबद्दल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. धर्मप्रचार हे काम बहुतेक परंपरांनी जाणत्या, शिकलेल्या, पिकल्या वयाच्या माणसांकडे दिलं. मॉर्मन चर्चनं ते अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींकडे दीड-दोन वर्षांसाठी दिलं. त्यांच्याकडे धर्मशास्त्राची पदवी नसते, त्यांना पगार नसतो आणि कुठं जायचं हे ठरवायची मुभाही नसते. या दोन वर्षांत परका देश किती बदलतो, हे मोजायला गेलं तर आकडे फार लहान निघतात. बदलतो तो हा मुलगा, आणि त्याचा दिनक्रम नीट पाहिला की तो कशामुळे बदलतो हे कळतं.

चर्चचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. २०१८ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी आम्हाला पूर्ण नावानंच ओळखा असा आग्रह धरला. मी बोलण्याच्या सोयीसाठी जुनं नाव वापरतोय, त्यात अनादर नाही. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी हे चर्च स्थापन केलं, त्याच वर्षी ‘बुक ऑफ मॉर्मन’ छापून झालं, आणि त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ सॅम्युएल त्या पुस्तकाच्या प्रती पाठीवर घेऊन गावोगाव निघाला. तिथून ही परंपरा सुरू होते. मुख्यालय आज युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे.

आपण पुण्यात बसलो आहोत म्हणून एक गोष्ट इथंच सांगतो. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला आणि तिथून पुण्याला आला. पुण्यात त्यानं एक छोटी शाखाही उभी केली. पण लष्करी अधिकारी आणि छावणीतले पाद्री त्याच्या विरोधात गेले. त्याच वर्षी अमेरिकेत चर्चनं बहुपत्नीत्व जाहीरपणे मान्य केलं होतं, ती बातमी मागोमाग हिंदुस्थानात पोचली आणि उरलीसुरली दारंही बंद झाली. काही वर्षांत तो आणि हिंदुस्थानात आलेले इतर मॉर्मन प्रचारक परतले. पुण्याच्या इतिहासात याची ओळभरही नोंद सहसा सापडत नाही. मला मात्र छावणीच्या रस्त्यावरून जाताना हा माणूस हमखास आठवतो.

आता आजच्या मुलाकडे येऊ. अर्ज करण्याआधी स्थानिक बिशपची मुलाखत होते, डॉक्टरांची तपासणी होते, दातसुद्धा तपासले जातात. मग सॉल्ट लेकहून नेमणूक येते. पूर्वी जाड पाकीट यायचं आणि सगळे नातेवाईक जमल्यावर ते फोडलं जायचं. आता ती ऑनलाइन येते, पण माणसं अजूनही जमतात. मुलगा मोठ्यानं वाचतो: ब्राझील, किंवा घाना, किंवा जपानमधलं सापोरो. कधी कधी शेजारचंच राज्य निघतं. आवडनिवड विचारली जात नाही. खर्च त्यानं आणि घरच्यांनी करायचा. २०२० पर्यंत अमेरिकेतल्या मुलांना महिन्याला ४०० डॉलर भरावे लागत, त्या वर्षी ते ५०० झाले. नेमणूक टोकियोला असो वा बोलिव्हियाला, रक्कम तीच. म्हणजे महागडा देश वाट्याला आला म्हणून कुणाच्या बापावर जास्त बोजा पडत नाही. ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते.

२०१२ मध्ये वयोमर्यादा बदलली. मुलांसाठी १९ वरून १८, आणि मुलींसाठी त्या वेळी २१ वरून १९ (२०२५ मध्ये त्यांच्यासाठीही १८ झालं). मुलगे २४ महिने जातात, मुली १८. मुलींच्या बाबतीत या बदलानं खूप काही घडलं. एकविसाव्या वर्षापर्यंत अनेकींचं लग्न ठरलेलं असायचं किंवा शिक्षण अर्ध्यावर असायचं. वय खाली येताच हजारो मुलींनी अर्ज केले. आजही बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यात बुडवून चर्चमध्ये घेण्याचा विधी, देण्याचा अधिकार मात्र त्यांना नाही, तो पुरुषांकडेच आहे. महिनोन् महिने एखाद्याला शिकवणारी मुलगी ऐन वेळी काठावर उभी राहते आणि पाण्यात दुसरा कुणी उतरतो. हे मला पटत नाही, आणि त्या चर्चमधल्या अनेक बायकांनाही पटत नाही.

परदेशी भाषा शिकायची असेल तर युटातल्या प्रोव्हो इथल्या प्रशिक्षण केंद्रात दोनेक महिने जातात. शिकवणारे असतात नुकतेच परतलेले प्रचारक, बहुतेक विद्यापीठातलेच विद्यार्थी. व्याकरणाच्या आधी प्रार्थना येते. बाजारात कांदे मागता येण्याआधी या मुलाला त्या भाषेत देवाशी बोलता येतं.

मी उदाहरण जपानचं घेतो. एक तर मी नोकरीनिमित्त तिथं काही वर्षं राहिलो आहे आणि या मुलांशी माझं पुष्कळ बोलणं झालं आहे. दुसरं म्हणजे हे काम जिथं सर्वांत अवघड आहे अशा देशांपैकी तो एक. तिथं पहिले चार मॉर्मन प्रचारक १९०१ च्या ऑगस्टमध्ये योकोहामाला पोचले. त्यांतला अल्मा टेलर अवघा एकोणीस वर्षांचा होता. त्यानं तिथं राहून ‘बुक ऑफ मॉर्मन’चा जपानी अनुवाद केला, तो १९०९ मध्ये छापला गेला. तरी माणसं फार आली नाहीत. १९२४ मध्ये मिशन बंद झालं आणि महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, पुन्हा उघडलं.

दिवस साडेसहाला सुरू होतो. छोटा फ्लॅट, जमिनीवर गाद्या, गुंडाळून ठेवायच्या. अर्धा तास व्यायाम. नाश्ता, बहुधा दूध आणि सीरिअल. मग अभ्यास: आधी एकट्यानं धर्मग्रंथ, मग जोडीदाराबरोबर, मग भाषा. २००४ पर्यंत ठरलेले धडे बहुतांशी पाठ करून सांगितले जात. त्या वर्षी ‘प्रीच माय गॉस्पेल’ हे मार्गदर्शक आलं आणि समोरचा माणूस पाहून स्वतःच्या शब्दांत बोला असं सांगितलं गेलं. म्हणजे काम आणखी कठीण झालं, कारण पाठांतराच्या आड लपता येईना. सकाळची उशिराची वेळ झाली की हेल्मेट घालून सायकलवर बाहेर. रात्री नऊच्या सुमारास परत, दुसऱ्या दिवसाचं नियोजन, साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून वेळा देशानुसार थोड्या बदलता येतात, पण साचा हाच.

बाहेर पडून करायचं काय? दारं वाजवायची. आपल्याकडे पूर्वी पुण्यात शिकायला आलेली गरीब मुलं माधुकरी मागत घरोघर फिरायची. त्या मुलाला दारात उभं राहायला संकोच वाटे, पण आपण काय मागायला आलोय हे घरातल्या बाईला ठाऊक असे, आणि दिल्यानं पुण्य लागतं अशी तिची श्रद्धाही असे. या मुलाचं उलटं आहे. तो काही मागत नाही, द्यायला आलाय, आणि ते कुणाला नकोय. जपानमध्ये दार उघडतच नाही. भिंतीवरच्या कॅमेऱ्याच्या डबीतून अत्यंत मऊ आवाजात ‘केक्को देस’ ऐकू येतं, म्हणजे ‘नको, ठीक आहे’. पुढचं दार. तेच. एखाद्या इमारतीचे सगळे मजले असे संपतात. एक जण मला म्हणाला होता, कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं, निदान ओरडण्यापुरता तरी त्यानं माझा विचार केला असता.

या सावधपणाला कारण आहे. १९९५ मध्ये ओम शिनरिक्यो या पंथानं टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायू सोडला. तेव्हापासून घरी येऊन धर्माबद्दल बोलणाऱ्या कुठल्याही माणसाकडे जपानी लोक संशयानं पाहतात. २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली, हल्लेखोराचा राग युनिफिकेशन चर्चवर असल्याचं उघड झालं, आणि तो संशय पुन्हा ताजा झाला. मॉर्मनांचा या दोन्हींशी काडीचाही संबंध नाही. पण दारामागच्या म्हाताऱ्या बाईला हे कोण समजावणार?

म्हणून दुसरे रस्ते शोधले जातात. आठवड्यातून एकदा चर्चच्या इमारतीत इंग्रजी संभाषणाचा मोफत वर्ग असतो. स्टेशनबाहेर त्याची पत्रकं वाटतात. वर्गाला निवृत्त आजोबा येतात, परीक्षेची तयारी करणारी मुलं येतात, घरी एकट्या असलेल्या बायका येतात. शेवटी थोडा वेळ धर्माचं बोलतात, त्याला थांबायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. माझ्या पाहण्यात या मुलांची खरी माणसं इथं जमली. अनेक आजोबा वर्षानुवर्षं येतात, बाप्तिस्मा घेत नाहीत, पण दर नव्या मुलाला जपानी बोलायला तेच शिकवतात.

चहाचं तर विचारू नका. १८३३ च्या एका आदेशानुसार मॉर्मन लोक दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा घेत नाहीत. ग्रीन टीही यातच येतो. जपानमध्ये कुणी घरात घेतलं तर पहिला येतो तो चहाच. आता एवढ्या मुश्किलीनं एक दार उघडलंय आणि पहिल्याच मिनिटाला यजमानाला नाही म्हणायचं! त्यावर तोडगा म्हणजे मुगिचा, भाजलेल्या जवाचं पेय. त्यात चहाची पत्ती नसते. जुन्या सदस्यांच्या घरी मुगिचाचं भांडं फ्रिजमध्ये तयारच असतं.

या सगळ्यात मुलगा एकटा कधीच नसतो. येशूनं शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं असं बायबलमध्ये आहे, तो आधार. जोडीदार सतत नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. तो निवडता येत नाही, बदलूनही मागता येत नाही, दर सहा आठवड्यांनी वरून बदल्या होतात. एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत, ‘एल्डर’ आणि आडनाव. मुलींसाठी ‘सिस्टर’. युटाच्या शेतकऱ्याचा मुलगा, त्याच्याबरोबर ओसाकाचा नाहीतर फिलिपिन्सचा. एक घोरतो, एक रडतो, एक नियम मोडतो, दुसऱ्याला ते बघवत नाही. मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकानं सांगितलं की दारांपेक्षा जोडीदार कठीण होता. लग्नाआधीची तालीम झाली असंही पुष्कळांनी सांगितलं. टीव्ही नाही, सिनेमा नाही, मैत्रीण नाही, पोहायलासुद्धा बंदी. माझ्या मते या वयात हे सगळं सोसवतं ते शेजारी तेच सोसणारा आणखी एक जण असतो म्हणूनच.

आठवड्यातला एक दिवस तयारीचा: कपडे धुणं, केस कापणं, बाजार, घरी पत्र. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच करता येई, नाताळला आणि मातृदिनाला. त्यानंतर दर आठवड्याला परवानगी मिळाली. जुने लोक म्हणतात, आता ती कसोटी राहिली नाही. मी त्यांच्याशी सहमत नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला आईचा आवाज वर्षातून दोनदाच ऐकू दिल्यानं श्रद्धा पक्की होते, याचा पुरावा मला तरी कुणी दिलेला नाही.

आता आकडे. २०२३ मध्ये जगभरात सुमारे अडीच लाख लोकांनी या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि प्रचारक होते ६७ हजारांवर. माणशी वर्षाला चारसुद्धा पडत नाहीत, आणि त्यातही बराच भाग आफ्रिका, लॅटिन अमेरिका, फिलिपिन्सचा. जपानमध्ये किंवा पश्चिम युरोपात दोन वर्षांत एकही नाही, हे अनेकांच्या वाट्याला येतं. आकड्यांच्या मागं लागलं की काय होतं तेही जपाननंच दाखवलं. १९८० च्या सुमारास टोकियोच्या एका मिशनमध्ये संख्येवर प्रचंड जोर दिला गेला. रस्त्यात तरुणांना गाठायचं आणि ओळख जुनी व्हायच्या आत बाप्तिस्मा उरकायचा. यादीवर हजारो नावं चढली आणि त्यांतले बहुतेक जण पुन्हा चर्चकडे फिरकले नाहीत. त्या नावांचा शोध घेण्याचं काम नंतरच्या अनेक वर्षांतल्या मुलांनी केलं, स्थानिक सदस्यांनी केलं. मला याचा राग येतो. दोष त्या पोरांचा नव्हता. वरून जे मोजलं जातं तेच खालचा माणूस आणून देतो.

दोन वर्षं संपली की मुलगा घरी येतो, स्थानिक प्रमुख त्याला औपचारिकपणे मोकळं करतो आणि नावपट्टी उतरते. त्याला एक परकी भाषा येत असते आणि अनोळखी माणसाशी बोलायची भीती मेलेली असते. जपानच्या टीव्हीवर गाजलेला केंट गिल्बर्ट पहिल्यांदा तिथं आला तो असाच प्रचारक म्हणून.

पण काही जण लवकर परततात. आजारपण, नैराश्य, किंवा विश्वासच उरला नाही म्हणून. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे हजारो प्रचारकांना एकदम घरी पाठवलं गेलं तेव्हा कुणी कुणाला काही विचारलं नाही. एरवी मात्र लहान गावात प्रत्येक जण विचारतो: इतक्या लवकर कसा आलास? घराजवळ राहून रुग्णालयात, अन्नछत्रात सेवा करण्याचा मार्ग चर्चनं आता अशांसाठी रुंद केला आहे, ते चांगलंच आहे. तरी रविवारी सभेत बसल्यावर कोण पूर्ण करून आलं आणि कोण नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. मला भेटलेल्या अशा एका मुलानं आठ महिने रोज दारं वाजवली होती. आठ महिने रोज नकार ऐकणं हे पुरेसं काम आहे असं मी त्याला म्हटलं, आणि ते मी आजही म्हणेन.

आता तुमचे प्रश्न घेऊ.