डोळ्यातला जंत आणि जोखमीचा नकाशा

श्रोतेहो, नमस्कार. मध्य आफ्रिकेच्या वर्षावनांत लोआ लोआ नावाचा एक जंत आढळतो. गोमाशीच्या कुळातली क्रायसॉप्स ही माशी दिवसा चावते, लाकडाच्या धुराकडे ओढली जाते, आणि तिच्या दंशातून या जंताच्या अळ्या माणसाच्या शरीरात शिरतात. पूर्ण वाढलेला जंत कातडीखाली फिरत राहतो आणि कधी कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून सरकताना नुसत्या नजरेला दिसतो. ऐकताना अंगावर काटा येतो खरा; परंतु माणूस या आजाराने सहसा दगावत नसल्यामुळे त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नव्हते.

त्याच्या नकाशाची निकड भासली ती दुसऱ्याच रोगापायी. नदीकाठच्या काळ्या माश्यांमुळे येणाऱ्या अंधत्वावर उपाय म्हणून आयव्हरमेक्टिन हे औषध गावोगाव सरसकट वाटले जात होते. मात्र ज्यांच्या एक मिलिलिटर रक्तात लोआचे ३०,००० हून अधिक मायक्रोफायलेरिया, म्हणजे जंताची सूक्ष्म पिल्ले होती, अशांपैकी काहींच्या मेंदूवर हे औषध घेतल्यानंतर गंभीर परिणाम झाला आणि काही जण मृत्युमुखी पडले. त्यामुळे औषध कोठे बेधडक द्यावे आणि कोठे हात आखडता घ्यावा, हे आधी ठरवणे भाग पडले.

आपल्या विदर्भात हत्तीरोगाचे कर्मचारी रक्तनमुने घ्यायला रात्री घरोघर जातात, कारण त्या रोगाचे मायक्रोफायलेरिया रात्री रक्तात उतरतात. लोआचे नेमके उलट आहे. ते भर दिवसा उतरतात. पण वेळ साधली तरी हजारो जंगलवस्त्यांमध्ये सूक्ष्मदर्शक नेणे आवाक्याबाहेरचे होते. म्हणून संशोधकांनी रक्ताऐवजी लोकांची आठवण तपासली. प्रत्येक गावात साधारण ८० प्रौढांना विचारण्यात आले, की डोळ्यात जंत फिरल्याचा अनुभव तुम्हाला कधी आला आहे काय. मग छायाचित्र दाखवून, असेच झाले होते काय. आणि शेवटी, मागच्या खेपेस ते किती दिवस टिकले? माझ्या मते सारी हुशारी या तिसऱ्या प्रश्नात आहे. जंत आठवडाभरात दिसेनासा होतो, त्यामुळे महिनोन्‌महिने चालणारी डोळ्यांची इतर दुखणी आपोआप बाजूला पडतात. ४० टक्के किंवा त्याहून अधिक लोकांनी होकार दिला, तर ते गाव जास्त जोखमीचे मानले गेले.

११ देशांतील ४,७९८ गावांच्या अशा उत्तरांवरून तयार झालेला नकाशा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर दोन गडद पट्टे उमटले: एक गॅबन, विषुववृत्तीय गिनी, कॅमेरून आणि काँगो यांच्या परिसरात, तर दुसरा काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या ईशान्य भागात. जास्त जोखमीच्या प्रदेशात सुमारे १ कोटी ४४ लाख लोक राहत असल्याचा अंदाज निघाला.

नकाशावर सर्वेक्षण झालेल्या गावांच्या दरम्यानची मोकळी जागा मात्र गणिती अंदाजाने भरलेली आहे, आणि गाव जोखमीचे म्हणून तिथला प्रत्येक माणूस जोखमीत असतो असेही नाही. म्हणूनच कॅमेरूनच्या ओकोला भागात २०१५ मध्ये मोबाइलला जोडलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली बोटातल्या रक्ताचा थेंब जागच्या जागी तपासण्यात आला. ज्यांच्या रक्तात मायक्रोफायलेरिया फार आढळले, तेवढ्यांना वगळून बाकीच्यांना औषध देण्यात आले.